वामनमामांचे मानपत्र

बुलढाणा,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप वामनमामांस,
पुष्पांजलीचा साष्टांग नमस्कार.

आपणांस पत्र लिहिण्याची माझी योग्यता नाही हे जाणूनच लिहीत आहे. तेव्हा आरंभीच क्षमा मागते. मी आपल्या चुलतबहिणीची, अमडापूरच्या अन्नपूर्णाबाईंची, धाकटी मुलगी. दहावीला मराठी माध्यमातून जिल्ह्यात पहिली आले तेव्हा आपण हैदराबादहून पदार्थविज्ञानाचे एक जाड इंग्रजी पुस्तक मला पाठवले होते. ते समजण्याइतकी मोठी मी पुढे तीन वर्षांनी झाले. सध्या इथल्या महाविद्यालयात त्याच विषयात एम.एस्सी. करीत असून वसतिगृहात राहते. फोन करणे सोपे झाले असते, परंतु मोठ्या माणसांशी फोनवर बोलताना माझे शब्द घशातच राहतात.

पत्रास कारणे दोन आहेत. पहिले आनंदाचे. 'कृत्तिका' या अंतराळयानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या समितीवर आपली निवड झाली, त्याबद्दल आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाने २३ नोव्हेंबरला गावात आपला जाहीर सत्कार ठरवला आहे. मानपत्र लिहिण्याचे काम मुख्याध्यापक अविनाश सरांनी मागच्या सत्काराप्रमाणे माझ्याकडेच दिले आहे. आपल्या कार्यातील कोणत्या गोष्टींचा उल्लेख व्हावा, हे कळवावे. मी लिहीन, सर व्यासपीठावरून वाचतील, आणि प्रथेप्रमाणे त्याची एक प्रत प्रमुख पाहुण्यांना आधी पाठवली जाईल.

दुसरे कारण दुःखाचे. माझा मोठा भाऊ शिवम आपल्याच शब्दावर ते यान बनवणाऱ्या कंपनीत लागला होता. 'कृत्तिका'ची पॅराशूट त्यानेच घडी घालून भरली. मार्चमध्ये यान परत येताना ती उघडली नाहीत आणि आतले दोघे, करिष्मा आणि ऋत्विक, समुद्रावर आदळून गेले. समितीच्या अंतरिम अहवालात 'घडी घालणाऱ्या तंत्रज्ञाची चूक' हे संभाव्य कारण म्हटले आहे. अंतिम अहवाल नोव्हेंबरअखेर येणार, असे वर्तमानपत्रात वाचले.

मामा, दादाने चूक केली असेल तर ती आम्ही मान्य करू. परंतु ती कशी झाली हे त्याला कोणीच सांगितलेले नाही. तो आता स्वतःच म्हणू लागला आहे, "मीच कुठंतरी चुकलो असन." चूक कोणती ते ठाऊक नसताना तो ती रोज कबूल करतो. हे मला पाहवत नाही. कृपा करून दोन ओळी लिहाव्यात.

आपली भाची,
पुष्पांजली


हैदराबाद,
१९ ऑगस्ट २०२५

चि. पुष्पांजलीस अनेक आशीर्वाद.

हाताने लिहिलेले पत्र किती वर्षांनी हाती आले! तुझे अक्षर पाहून तुझी मामीही खूश झाली. मराठी माध्यमाच्या मुली अजून अशी भाषा लिहितात हे इथल्या लोकांना दाखवले पाहिजे. आणि क्षमा कसली मागतेस? मी काय परका आहे?

मानपत्रासाठी मुद्दे देतो. पॅराशूट हा माझा आयुष्याचा विषय. या कामात सबंध देशात दहा-बारा माणसे असतील. 'कृत्तिका'च्या प्रकल्पाला मी तीन वर्षे सल्लागार होतो. मानवरहित यान पहिल्याच प्रयत्नात सुखरूप उतरले, त्यात माझा वाटा होता, हे तू मागच्या मानपत्रात छान लिहिले होतेस. एक गोष्ट मात्र तू तेव्हा गाळलीस. माझ्या भाषणाची. विषय आता आठवत नाही, पण शाळेचे मैदान खदखदून हसले होते. अजून गावाकडून कोणी भेटले की त्या भाषणाची आठवण काढतो. शास्त्रज्ञ म्हटला की लोकांना सुतकी चेहरा वाटतो. तेव्हा 'आपल्या बोलीत गावाला हसवणारा वक्ता' असा उल्लेख या वेळी येऊ दे. लोकांना विचारून शब्दही घाल.

एक आनंदाची बातमी. समितीच्या अध्यक्षा डॉ. संजीवनी रेगे यांना मी सत्काराला प्रमुख पाहुण्या म्हणून यायला तयार केले आहे. अमडापूरच्या मातीत कोण उगवते ते त्यांनाही कळू दे.

आता शिवमचे. अहवालात कोणाचेही नाव नाही. फक्त 'तंत्रज्ञ' असा शब्द आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. त्याच्या नोकरीची तुला चिंता आहे हे ओळींमधून दिसते. संकोच कशाला, स्पष्ट लिहायचे. नागपूरला माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात भांडारपाल हवा आहे. हे प्रकरण निवळले की त्याला तिथे चिकटवून देतो. अन् हे पाहाय पोरी, जास्त इचार करू नोको. अभ्यासाकडे लक्ष दे.

तुझा,
वामनमामा


बुलढाणा,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप वामनमामांस साष्टांग नमस्कार.

आपण इतक्या आपुलकीने उत्तर दिले, मुद्देही पाठवले, त्याबद्दल ऋणी आहे. नागपूरच्या जागेबद्दल आई आपले आभार मानते. माझे लिहिणे अपुरे पडले असावे, कारण मी नोकरी मागितली नव्हती.

अहवालात नाव नाही, हे खरे. परंतु पॅराशूट भरणारा तंत्रज्ञ त्या कंपनीत एकच होता आणि तो अमडापूरचा आहे हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. गेल्या रविवारी बाबांबरोबर तो बाजारात भाजी घेऊन गेला होता. मेथीच्या जुड्या बांधायला त्याने सुतळी हातात घेतली, तर शेजारच्या ओट्यावरचा माणूस मोठ्याने म्हणाला, "तू नोको बांधू बे शिवम. उघडलीच नाही तं गिऱ्हाईक काय सुतळी खाईन?" सगळे हसले. दादाही हसल्यासारखे करून सुतळी खाली ठेवून घरी आला. तेव्हापासून तो कशालाच गाठ मारीत नाही. सकाळी अंथरुणाची घडीही घालीत नाही. तसेच पसरलेले सोडून उठतो आणि आई मागून ते आवरते. पॅराशूटचे चाळीस किलो कापड हाताने दाबून बादलीएवढ्या जागेत बसवणारा माणूस आता चादरीला भितो.

करिष्माच्या वडिलांची एक मुलाखत आहे. त्यात ते विचारतात, "माझ्या मुलीच्या दोरात गाठ कोणी ठेवली?" दादा ती मुलाखत रोज लावतो. बंद कर म्हटले तर म्हणतो, "ऐकू दे. त्याहीचं मी नाही ऐकाचं तं कोन ऐकन?"

मी अंतरिम अहवाल शब्दकोश जवळ घेऊन दोनदा वाचला. मला समजले ते असे: पॅराशूट एकदम उघडले तर हिसक्याने फाटेल, म्हणून त्याचे तोंड आधी एका दोराने आवळलेले असते. पॅराशूट बाहेर पडून ताणले गेले की एक पिन ओढली जाते. ती निघाली की काही क्षणांनी एका छोट्या कात्रीतली स्फोटक दारू पेटते, पाते पुढे जाते, तो दोर कापला जातो आणि पॅराशूट पूर्ण फुलते. 'कृत्तिका'ची तीनपैकी दोन पॅराशूट कळीसारखी मिटलेलीच राहिली. तिसऱ्यावर सगळा भार आला, ते फाटले आणि त्याचे दोर दुसऱ्यात गुंतले. समुद्रातून काढल्यावर जो गुंता सापडला, त्यावरून घडी चुकली असा निष्कर्ष आहे.

माझी शंका अडाणीपणाची वाटल्यास सोडून द्यावी. गुंता आधी झाला की नंतर? आणि त्या दोन कात्र्यांच्या पिना निघाल्या होत्या का? अहवालात ते कुठेच नाही. दादाला विचारले तर म्हणतो, "मले त्याहीनं कात्र्या दाखवल्याच नाही."

पिनेबद्दल एवढे तरी कळवावे.

आपली,
पुष्पांजली


हैदराबाद,
६ ऑक्टोबर २०२५

चि. पुष्पांजलीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. खरे सांगायचे तर तुझे पत्र वाचून मी थोडा नाराज झालो. मानपत्रासाठी माहिती मागतेस की माझी उलटतपासणी घेतेस? इथे मोठमोठे अभियंते या प्रश्नांवर सहा महिने घासत आहेत. बुलढाण्याच्या वसतिगृहात शब्दकोश उघडून ते सुटत नसतात.

तरी तू माझ्या बहिणीची मुलगी आहेस आणि हुशार आहेस, म्हणून शिकवतो. त्या दोन्ही कात्र्या मी स्वतः हातात घेऊन पाहिल्या. पिना निघालेल्या होत्या. पाते मात्र जागेवरून तसूभरही हललेले नव्हते. आता तू म्हणशील, मग दोष कात्रीचा! असेच घाईचे निष्कर्ष काही तरुण सदस्यही काढत होते. त्यांचे म्हणणे असे की समुद्र खवळला होता म्हणून यान एक दिवस जास्त वर थांबले, पॅराशूटचा कप्पा सावलीत राहून ठरल्यापेक्षा खूप थंड झाला, आणि त्या थंडीत कात्रीतली दारू पेटलीच नाही. ऐकायला चांगले आहे. पण या कात्र्या पूर्ण थंडीत, त्याहून जास्त थंडीत, तपासून घेतलेल्या आहेत. सल्लागार मी होतो. ते मीच समितीला सांगितले आणि डॉ. रेगे यांनी माझा शब्द मानला. कात्री निर्दोष, तर मग उरते काय? घडी. घडी चुकली की दोराला वेडावाकडा हिसका बसतो, त्या हिसक्याने कात्रीची आतली रचना बिघडू शकते. हे शास्त्र आहे, यात भावनेला जागा नाही.

आणि व्यवहारही समजून घे. कात्रीला दोष दिला तर पुढची तिन्ही याने दोन वर्षे जमिनीवर, कारखान्यातली शेकडो माणसे घरी. त्यांनाही बहिणी आहेत. एका माणसाच्या हातून एकदा चूक झाली, असे ठरले तर सगळे पुढे जाते. शिवम तरुण आहे, तो उभा राहील. मी आहे ना त्याच्या मागे.

तुझ्या आईला यातले काही सांगू नकोस. तिचा माझ्यावर जीव आहे. आणि मानपत्राचा मसुदा लवकर पाठव. अविनाश फोनवर फोन करून राह्यला.

वामनमामा


हैदराबाद,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. पुष्पांजली,

दिवाळी झाली, तुझे दोन शब्द नाहीत. रागावलीस? असू दे.

शिवमने समजूतदारपणा दाखवला हे तुला घरून कळलेच असेल. इथे येऊन त्याने जबाबावर सही केली. शब्द मी स्वतः सौम्य करून घेतले: 'घडी घालताना माझ्याकडून चूक झाली असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही.' एवढेच. यामुळे त्याच्यावर खटला होणार नाही असे मी पाहीन. पोरगा जेवलाही नाही नीट, पण निरोप घेताना पाया पडला. संस्कार चांगले आहेत.

अंतिम अहवालावर सह्या २८ नोव्हेंबरला. त्याआधी गावचा सत्कार, हे सगळे जुळून आले. डॉ. रेगे यांचे विमानाचे तिकीट झाले आहे. त्या मराठी उत्तम वाचतात, तेव्हा मानपत्राची प्रत त्यांना वेळेवर जाऊ दे. मसुदा आठवड्यात हवा. भाषणाचा उल्लेख विसरू नकोस.

वामनमामा


बुलढाणा,
१४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय श्री. वामनराव यांस,
सविनय नमस्कार.

मसुद्यास विलंब झाला. आपण सांगितल्याप्रमाणे लोकांना विचारून शब्द घ्यायचे होते आणि त्यासाठी मला घरोघर जाऊन बोलावे लागले. मला ते सहज जमत नाही. पहिल्या दारातून तर मी पाणी पिऊन परत आले.

आधी दिवाळीचे लिहिते. आपले ६ ऑक्टोबरचे पत्र मला टपालाने आठवड्याने मिळाले. घरी फोन लावला तेव्हा दादा हैदराबादच्या गाडीत बसलेला होता. ज्या दिवशी आपण मला ते पत्र लिहिलेत, त्याच दिवशी आपण आईला फोन केला होता, हे मला तेव्हा कळले. "सही केली तं सुटन, नाही तं पोरगं जेलात जाईन," असे आपण तिला म्हणालात. आईने त्याची पिशवी भरली. वाटेत खायला दशम्या दिल्या. गाडीत त्याचा फोन लागला नाही आणि पुढे कार्यालयाच्या दारातच आपल्या माणसांनी तो काढून घेतला, म्हणून माझा निरोप त्याला मिळाला नाही. आईने मला बजावले आहे की मामाला उलट लिहू नकोस, आपल्यासाठी त्याने खूप केले. मी उलट लिहीत नाही. जे झाले ते लिहीत आहे.

दादा परत आला त्या दुपारी आम्ही वांग्याच्या वावरात बसलो होतो. मी त्याला आपले पत्र वाचून दाखवले. पिना निघालेल्या होत्या, या वाक्यापाशी त्याने मला थांबवले.

"पुन्ना वाच."

मी वाचले.

"दोन्ही पिना?"

"दोन्ही."

"पुष्पे, पिन निघावी म्हनूनच तं घडी तशी घालतात. पिन निघाली म्हंजे माही घडी सरळ उलगडली. माहं काम तितलंच व्हतं." मग बराच वेळ तो हाताने माती सारखी करीत राहिला. "अन् पातं हाललंच नाही?"

"नाही."

"मंग मी सही काऊन केली?"

 याचे उत्तर आपल्याकडे असेल तर त्याला कळवावे, मला नको.

आता भाषणाविषयी. मानपत्राच्या भाषेला शोभणार नाही म्हणून मागच्या वेळी मी तो प्रसंग वगळला होता. आपली आज्ञा झाल्यावर मी पंचफुलाकाकूंकडे गेले. त्या दारातच डाळ निवडत होत्या. वामनमामा मागच्या सत्काराला काय बोलले ते आठवते का, असे विचारताच त्यांनी सूप खाली ठेवले.

"हाव! कुल्फीचंच ना व माय? इतली हासली व्हती मी, पोट धरून! आमचा नातू अजून थंड पान्यानं आंघोळ घातली का म्हनते, आजी, मी का कुल्फी हाव?"

रुखमाबाई आत्यांना तर आपले हातवारेसुद्धा पाठ आहेत. त्यांनी पाटावर उभे राहून करून दाखवले. अविनाश सरांना विचारले तेव्हा त्यांनी जसेच्या तसे म्हणून दाखवले. आणि म्हणता म्हणता, दुसऱ्या वाक्यानंतर, ते हसायचे थांबले. तिघांचे शब्द मी स्वतंत्रपणे उतरवून घेतले. ते एकमेकांशी जुळतात. माझ्या स्वतःच्या स्मरणाशीही जुळतात, कारण त्या संध्याकाळी शिवमदादा आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. कंपनीचा तंत्रज्ञ म्हणून आपण दादाला उभेही केले होते. त्याला घड्यांपलीकडचे काही माहीत नव्हते. कात्र्या तपासण्याचा विभाग वेगळा, हे त्याने मला आता सांगितले. त्याला तेव्हा तो केवळ विनोद वाटला, जसा सर्वांना वाटला.

म्हणून मसुदा पुढीलप्रमाणे केला आहे:

'मानपत्र. अमडापूरचे सुपुत्र श्री. वामनराव यांस सप्रेम अर्पण. महोदय, आकाशातून उतरणाऱ्या माणसाला जमिनीवर अलगद टेकवणारी विद्या आपण हस्तगत केलीत, याचा या गावास अभिमान वाटत आला आहे. आपण विद्वान असूनही गावाच्या बोलीत गावाला हसवता. २०२४ च्या जानेवारीत याच मैदानावर, 'कृत्तिका'च्या पॅराशूटच्या कात्र्यांविषयी बोलताना, आपण काढलेले उद्गार आजही घरोघर जसेच्या तसे सांगितले जातात. आपण म्हणाला होता: "हे पुन्या-मुंबईचे पोट्टे मले म्हनतात, सर, कात्र्याइले अजून थंडीत ठेवा. महिना झाला, ठेवूनच राह्यले! म्या म्हटलं, अबे, ते कात्री हाय का कुल्फी? काढा बाहीर! अर्ध्या थंडीत पास झाली तं पुरी झाली. लयच वाटलं तं आमच्या बुलढान्याच्या घाटात पहाटच्या एस.टी.त बसवा तिले, तितली थंडी बस हाय! माह्या एका शब्दानं चार महिने वाचले पाहा कंपनीचे." आपल्या या उद्गारांवर सारे मैदान हसले. महोदय, त्या कात्र्या पूर्ण थंडीत तपासल्या होत्या, असे आपण चौकशी समितीस सांगितल्याचे समजते. या गावाने आपला शब्द नेहमीच खरा मानला आहे. आपल्या दोन शब्दांपैकी कोणता खरा मानावा, एवढे आज आपण याच मैदानावर सांगावे, ही नम्र विनंती. करिष्मा आणि ऋत्विक यांच्या स्मृतीस हे गाव वंदन करते.'

मसुदा अविनाश सरांनी वाचला. बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोरी, हे माह्यानं वाचनं होनार नाही. तो माहा वर्गमित्र हाय." मी म्हटले, ठीक आहे. मंडळाच्या काही सदस्यांनी सत्कारच रद्द करावा असे सुचवले आहे. गावाची अब्रू जाईल असे त्यांचे म्हणणे. शिवमदादाची गेली तेव्हा ती गावाची होती की नाही, हे मी त्यांना विचारले नाही. विचारायला हवे होते, परंतु माझा आवाज तेव्हाही फुटला नाही. सत्कार झाला तर मानपत्र मी वाचीन. सभेत मी आजवर एकदाही बोललेले नाही. आवाज कापेल हे मला ठाऊक आहे. तो कापला म्हणून शब्द बदलणार नाहीत.

सत्कार रद्द झाला तरी मसुदा वाया जाणार नाही. मानपत्राची प्रत प्रमुख पाहुण्यांना आधी पाठवण्याची आपल्या मंडळाची पद्धत आहे आणि ती वेळेवर जावी अशी आपलीही आज्ञा होती. त्याप्रमाणे डॉ. संजीवनी रेगे यांचे पाकीट तयार केले आहे. सोबत आपल्या ६ ऑक्टोबरच्या पत्राची छायाप्रत, तिघांनी सांगितलेले शब्द त्यांच्या सह्यांनिशी, आणि दादाचा अर्ज आहे की त्याने केलेली सही तो मागे घेत आहे. पंचफुलाकाकूंनी सही करताना विचारले, "हे मामाच्या सत्काराचंच हाय ना?" मी त्यांना खरे काय ते सांगितले.  त्या म्हणाल्या, "म्हंजे आमी हासलो ते त्या दोघाइच्या मरनावर?" आणि त्यांनी सही केली.

शेकडो माणसांच्या घराचे आपण लिहिले होते. तेही मी डॉ. रेगे यांना वेगळे लिहिले आहे, कारण ती माणसे खरी आहेत. परंतु पुढच्या यानातही कोणी बसणार आहे, आणि त्याच कात्र्या त्यांच्या डोक्यावर असणार आहेत.

दादा अजून अंथरुणाची घडी घालीत नाही. सत्य कळले म्हणजे माणूस पूर्ववत होतो, असे मी पुस्तकांत वाचले होते.

मसुद्यातील एखादा शब्द आपण बोलला नसाल तर तेवढा कळवावा. तो मी काढीन.

पुष्पांजली अर्जुनराव

(माझ्या प्रतीवरील नोंद) मामांचे आणि डॉ. रेगे यांचे, दोन्ही पाकिटे बुलढाण्याच्या टपाल कार्यालयात स्पीड पोस्टाने दिली: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३ वाजून २० मिनिटे.